मुक्कामी बॅग

भारतात जाऊन आले की हल्ली मला दोन बाजूंनी साधारण एकच प्रश्न येतो. इथले मराठी मित्र-मैत्रिणी विचारतात, "एवढ्याशा बॅगेत जमतं कसं गं?" आणि तिकडचे नातेवाईक विचारतात, "एवढीच बॅग?" शब्द जवळपास तेच, पण सूर वेगळा. पहिल्यांना युक्ती हवी असते. दुसऱ्यांना, खरं सांगायचं तर, थोडंसं लागलेलं असतं. दर वेळी दाराशी उभं राहून तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकावं म्हटलं. मावशी, काकू, तुम्ही हे वाचता हे मला ठाऊक आहे. तेव्हा यादी आली की कंटाळून बंद करू नका, शेवटपर्यंत वाचा :)

मी २००७ साली जर्मनीत आले. तेव्हापासून २०१९ पर्यंत आमचं भारतात जाणं म्हणजे एक सोहळा असायचा. साधारण दोन वर्षांतून एकदा, अठरा-वीस दिवस. तिघांच्या तीन मोठ्या बॅगा, कधी जादा पैसे भरून चौथी. दोन महिने आधीपासून बैठकीच्या खोलीत एक बॅग उघडी पडलेली असायची आणि जाता-येता तिच्यात काहीतरी टाकलं जायचं. चॉकलेटं, क्रीमच्या डब्या, मामाचे चालायचे बूट, भाच्याची खेळणी, कुणाच्या कुणीतरी मागवलेल्या गोळ्या. शिवाय "अगं, एक छोटंसं पाकीट आहे, नेशील ना?" म्हणून आलेली पाकिटं. ती कधीच छोटीशी नसतात, हे परदेशात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

येतानाही तेच. भाजणी, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, कुरडया, लोणच्याच्या तीन-तीन प्लास्टिक पिशव्यांत बांधलेल्या बरण्या, दिवाळी अंक, एकदा तर बिडाचा तवा. म्हणजे पहिले दोन दिवस आणलेलं वाटण्यात जायचे आणि शेवटचे तीन दिवस न्यायचं भरण्यात. आई सुट्टीभर स्वयंपाकघरात भाजत, कुटत, चाळत असायची. बाबा शेवटच्या रात्री बाथरूममधला वजनकाटा बाहेर आणून ठेवायचे आणि बॅग उचलून त्यावर उभे राहायचे. मग बॅगेशिवाय उभे राहायचे. मग वजाबाकी. तेवीस किलोंच्या वर एक किलो जरी गेला तरी सगळं परत उघडायचं. बोलायला निवांत असे किती दिवस मिळायचे, ते तुम्हीच मोजा.

मग २०२० आलं. मार्चमध्ये विमानं बंद झाली. पुढे ठरावीक देशांशी करार करून काही उड्डाणं चालू झाली, पण नियमित आंतरराष्ट्रीय वाहतूक भारतानं पुन्हा सुरू केली ती २७ मार्च २०२२ ला. त्याच्या थोडं आधी बाबांना पार्किन्सनचं निदान झालं होतं. ती दोन वर्षं मी बाबांना फोनच्या पडद्यावर बघत होते. हाताचा कंप पडद्यावर दिसायचा. पण आवाज किती बारीक झालाय हे कळायचं नाही, मला वाटायचं नेटवर्कच खराब आहे.

विमानं सुरू झाली तेव्हा मी ठरवलं, आता दोन वर्षांतून एकदा वीस दिवस नाही. दर तीन-चार महिन्यांनी आठवडाभर जायचं. वर्षाला तीस दिवस रजा असते, त्यातली बहुतेक सातारलाच. नवऱ्याशी आणि लेकीशी बसून हिशेब केला. युरोपातल्या सुट्ट्यांना काट मारली. पण पैशाइतकीच दुसरी अडचण तयारीची होती. दर तीन महिन्यांनी तो सोहळा करणं कुणालाच शक्य नव्हतं, ना मला, ना आईला. जायचं तर सहज उठून जाता आलं पाहिजे, म्हणून मोठी बॅग बंद. फक्त हातातली.

आता युक्ती हवी असलेल्यांसाठी.

माझ्या विमान कंपनीत केबिन बॅगेला ८ किलोंची मर्यादा आहे. भारतातल्या देशांतर्गत विमानांत साधारण ७ किलो धरून चाला. माझा हिशेब असा: बॅग स्वतः २.१ किलो (इथेच बरेच जण फसतात, दिसायला देखणी बॅग रिकामीच साडेतीन किलो भरते). कपडे १.६. औषधं आणि अंघोळीचं सामान ०.९. टॅब्लेट, चार्जर, पॉवर बँक वगैरे १.२. भेटवस्तू दीड किलो. झाले ७.३. सातशे ग्रॅम मोकळे. जड बूट आणि जाकीट अंगावर. जानेवारीत फ्रँकफर्टला शून्याच्या आसपास आणि मुंबईत उतरल्यावर घाम, त्यामुळे एक जाड थर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, एकेक काढत जाता येतात.

एवढ्याच कपड्यांत आठवडा निघतो, कारण सातारच्या कपाटात एक कप्पा माझा आहे. दोन सलवार-कुर्ते, एक साडी, घरातल्या चपला, जुना चष्मा. पहिल्या फेरीत नेलं ते तिथंच ठेवून आले. ज्याचं जाण्याचं ठिकाण ठरलेलं आहे त्याच्यासाठी याहून मोठी युक्ती नाही.

पातळ पदार्थांचा नियम सगळ्यांना माहीत असतो, त्याचं कारण फारसं आठवत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. त्यानंतर १०० मिलीलिटरच्या बाटल्या आणि त्या सगळ्या एका पारदर्शक पिशवीत, ही पद्धत सुरू झाली. काही विमानतळांवर नवीन स्कॅनर आल्यापासून ती सैल झाली आहे, पण परतीच्या विमानतळावर तसंच असेल असं धरून चालू नये. मी तर साबणाची वडीच नेते. पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्याच बॅगेत. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणीतरी विझवू शकतं, खाली सामानात कोण बघणार? विमान भरलेलं असलं की कधीकधी दाराशी आपली छोटी बॅगही खाली टाकायला घेतात. अशा वेळी पॉवर बँक, औषधं आणि पासपोर्ट आठवणीनं बाहेर काढायचे.

आणि हो, सुकं खोबरं. आईनं एकदा हळूच अर्धी वाटी बॅगेत सरकवली होती, ती तपासणीत बाहेर निघाली. आई म्हणाली, "खोबऱ्यानं काय होतंय?" होतं खरं. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की साठवणीत ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचं नाव आहे. आईला हे सांगितल्यावर तिनं डब्यातल्या खोबऱ्याकडे जरा संशयानं पाहिलं :)

असो. ही झाली यादी. पण अशी बॅग भरायला मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही. ती मी आमच्याच घरी रोज पाहिलेली होती.

आमचे बाबा एस.टी.त कंडक्टर. सातारा डेपोला. महिन्यातून कितीतरी रात्री त्यांची ड्यूटी मुक्कामी गाडीवर असायची. ज्यांनी एस.टी.नं प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: संध्याकाळी डेपोतून निघते, रात्री शेवटच्या गावात थांबते आणि पहाटे तिथूनच परत फिरते ती मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत, नाहीतर देवळाच्या ओसरीवर झोपायचे. त्यासाठी बाबांची एक खाकी कापडाची पिशवी होती. त्यात टॉवेल, लुंगी, एक बनियन, दात घासायची पावडर, दाढीचं सामान, जेवणाचा डबा आणि अंगावर घ्यायला सोलापुरी चादर. थंडीत बामणोलीकडची ड्यूटी असली तर माकडटोपी. बस्स. पिशवी दाराच्या खिळ्याला कायम भरलेली असायची. ड्यूटीचा निरोप आला की फक्त डबा टाकायचा आणि निघायचं.

आईचं सगळं उलट. आई माहेरी दोन दिवस जरी निघाली तरी ट्रंक, दोन पिशव्या आणि वर फिरकीचा तांब्या. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही आणि कुणाला रिकाम्या हातानं दारातून पाठवायचं नाही, हा तिचा कायदा. बाबा चिडवायचे, "तुझ्या आईला सामानाचं तिकीट लावायला पाहिजे." पण तिची ट्रंक टपावर चढवायचे मात्र तेच.

विमानाच्या बॅगांची गोष्ट पुढे वाचनात आली तेव्हा मला हसूच आलं. सूटकेसला चाकं लावायची कल्पना तशी अलीकडची. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसाला १९७२ साली त्याचं पेटंट मिळालं. पण ती बॅग आडवी, चार चाकांची, पट्ट्यानं ओढायची. आज आपण उभी ओढतो ती, लांब दांड्याची आणि दोन चाकांची, १९८७ च्या सुमाराला रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं तयार केली. आधी ती विमानातले कर्मचारीच वापरायचे. प्रवाशांनी त्यांना रुबाबात बॅगा ओढत जाताना पाहिलं आणि मग त्यांनाही त्या हव्याशा वाटल्या. पुढे २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले, बाकीच्या बऱ्याच कंपन्या त्याच वाटेनं गेल्या आणि लोक मुकाट्यानं हातातल्या बॅगेवर आले. म्हणजे बघा, मुळात ही बॅग एका रात्रीच्या मुक्कामाला जाणाऱ्या माणसांची. खिळ्यावरच्या खाकी पिशवीचीच चुलत बहीण.

एप्रिल २०२२ ला मी पहिल्यांदा अशी गेले. मध्यरात्री मुंबईला उतरले. पट्ट्यापाशी बॅगांची वाट बघत उभी असलेली गर्दी ओलांडून सरळ बाहेर. टॅक्सीनं पुणे, स्वारगेटहून पहाटेची एस.टी., आणि सकाळी सातारा. बाबा खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, आणखी सामान येतंय का म्हणून. मग बॅगेकडे बोट करून बारीक आवाजात म्हणाले, "मुक्कामी का?"

म्हटलं, "हो बाबा, मुक्कामी."

"मग परत फेरी आहेच," ते म्हणाले.

पार्किन्सनमध्ये आवाज खाली जातो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना रोज मुद्दाम मोठ्यानं बोलायला लावा. आता कंडक्टर माणसाला मोठ्यानं काय बोलायला लावायचं? आईनं हरिपाठ करून पाहिला, पण ते पुटपुटायचे. मी म्हटलं, बाबा, थांबे सांगा. सातारा ते स्वारगेट. आणि ते सुरू झाले. लिंब फाटा, आनेवाडी, पाचवड, भुईंज, सुरूर, वेळे, खंडाळा, शिरवळ, कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रज. मध्येच थांबून सांगायचे, एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरचा, भाडं टप्प्यावर ठरतं, गावावर नाही. हे मला लहानपणापासून पाठ होतं, पण मी दर वेळी नव्यानं ऐकायची. रोज दुपारी चहानंतर एक मार्ग. कधी महाबळेश्वर, कधी कराड, कधी पंढरपूर. चुकून एखादा थांबा राहिला तर स्वतःच हात वर करून म्हणायचे, "मागं घ्या." आणि परत पहिल्यापासून.

अशा दुपारी मोठ्या बॅगेच्या काळात एकही झाली नव्हती. तेव्हा दुपारी आम्ही पापडांच्या पिशव्यांतली हवा काढत असायचो.

जून २०२३ मध्ये बाबा बाथरूममध्ये पडले. रात्री दोनला भावाचा फोन आला. दुपारच्या विमानात जागा मिळाली. बॅग भरायला वीस मिनिटं लागली, त्यातही दहा मिनिटं पासपोर्ट शोधण्यात गेली असतील. तिसऱ्या दिवशी पहाटे मी सातारच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया त्याच दिवशी ठरली होती. भावाला दोन रात्रींची झोप नव्हती, तो घरी जाऊन झोपला. त्या वेळी माझ्या बॅगेत भेटवस्तू एकही नव्हती, आणि मावशी, तुला आठवतंय का, तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं, "एवढीच बॅग?"

शेवटच्या वेळी मात्र मी पोचले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बाबा गेले, दुपारच्या झोपेतच. फ्रँकफर्ट ते मुंबई आठ तासांचं विमान आणि पुढे सातारपर्यंतचा रस्ता. हे अंतर बॅग हलकी करून कमी होत नाही. मी पोचले तोवर दुसरा दिवस उजाडला होता, माझ्यासाठी सगळे थांबले होते. ऑगस्टमध्येच मी आठ दिवस राहून आले होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांची दाढी मी केली होती आणि त्यांनी कोल्हापूर मार्ग निम्म्यापर्यंत सांगितला होता. उरलेला पुढच्या खेपेला, असं ठरलं होतं.

नंतर कधीतरी कागद घेऊन हिशेब केला. २००७ ते २०१९, बारा वर्षांत सहा फेऱ्या. एप्रिल २०२२ ते ऑगस्ट २०२४, अडीच वर्षांपेक्षाही कमी काळात नऊ. मला सामान नको होतं असं नाही. मला त्या नऊ फेऱ्या हव्या होत्या.

आता नातेवाईकांसाठी. तुम्हाला लागलं असेल हे मला कळतं. "लेक परदेशातून आली आणि हात हलवत आली" हे आपल्याकडे ऐकायला बरं दिसत नाही. पण जी चॉकलेटं मी तिकडून ओझ्यानं आणायची, ती आता साताऱ्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मामाला बूट त्याच्या मापाचे इथूनच ऑनलाइन पाठवले, आणि या खेपेला त्याच्याबरोबर ते घालून चार भिंतींपर्यंत चालूनही आले. वर जाऊन आम्ही तासभर बसलो, अजिंक्यतारा बघत. मामा आजोबांबद्दल जे बोलला ते मी पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. पूर्वी त्याच्याकडे माझी चक्कर पंधरा मिनिटांची असायची, कारण खाली रिक्षात पुढच्या चार घरांची पाकिटं ठेवलेली असायची.

खरी अडचण आईची होती आणि अजून आहे. द्यायचं नाही म्हणजे तिच्या दृष्टीनं काय उरलं? तिला मी काय सांगणार, की तुझी भाजणी जड होते? तेव्हा पहिल्याच वर्षी आमच्यात एक तह झाला. जाताना दीड किलोच्या भेटवस्तू रिकाम्या होतात, शिवाय सातशे ग्रॅम मोकळे असतात. हे सगळं मिळून दोन किलो दोनशे ग्रॅम आईचे. त्यात काय भरायचं हे तिनं ठरवायचं, मी एक शब्द बोलायचा नाही. अटी दोनच. पातळ काही नाही, म्हणजे लोणचं आणि श्रीखंड बाद. आणि दुधाचं काही नाही, कारण युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून तूपही बाद. कंदी पेढ्यांचं म्हणाल तर ते मी तिथंच पोटात भरून आणते, तिथं वजनकाटा नाही :)

आईनं हा तह अगदी मनावर घेतलाय. आधी ती वैतागली होती. मग तिनं एकेक पदार्थाचं वजन करायला सुरुवात केली. मेतकूट हलकं, भाजणी जड, शेंगदाण्याची चटणी त्याहून जड, तळलेल्या मिरच्या जवळजवळ फुकट. पूर्वी सगळंच जायचं, त्यामुळे काय संपतं आणि काय डब्यात तळाला राहतं हे तिला कधी कळायचं नाही. आता ती फोनवर विचारते, "मागच्या खेपेचं मेतकूट संपलं का? खरं सांग." लेकीला कांदा-लसूण मसाला आवडतो म्हणून त्याचा वाटा वाढला, साबुदाण्याच्या पापडांचा कमी झाला.

मागच्या खेपेला निघायच्या आदल्या रात्री तिनं स्वतःच बॅग हुकाच्या काट्याला अडकवली. बाबा उभे राहायचे तो बाथरूमचा काटा आता माळ्यावर आहे. हा नवा, हातात धरायचा, मी जर्मनीहून आणून ठेवलेला. चष्मा कपाळावर सरकवून तिनं आकडा वाचला, बॅग खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. एक छोटी पुडी घेऊन आली.

"अजून दीडशे ग्रॅम बसतंय," म्हणाली. "आणि पुढच्या वेळी कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"मग कुरडया तेव्हा," ती म्हणाली, आणि तिनं चेन ओढून घेतली.